अडुळशाच्या पानांची औषधी परीक्षा

पवनाकाठचे पिंपळे गुरव आता शहरात मोडते. त्याच्या शेजारी, पिंपरी येथे, १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढे तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन बुरशीपासून मिळते. खोकल्यावरचा अडुळसा कुंपणावर मिळतो. परंतु औषध म्हणून दोहोंनाही कसोटीस उतरावे लागते. ही कसोटी कशी घेतात, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे.

प्रथम वनस्पतीची ओळख पटवावी. पानाफुलांसह फांदी कागदात दाबून वाळवावी व तज्ज्ञास दाखवावी. ओळख चुकल्यास पुढील सर्व श्रम वाया जातात. नंतर पाने धुऊन सावलीत वाळवितात, त्यांची पूड करतात आणि पाण्यात व मद्यार्कात निरनिराळे अर्क काढतात.

प्रयोगशाळेत अगरच्या थाळीवर जंतू पेरून तीत लहान खळगे पाडतात. एकात अर्क, दुसऱ्यात नुसता मद्यार्क व तिसऱ्यात गुण ठाऊक असलेले प्रतिजैविक घालतात. मद्यार्क स्वतःच जंतुनाशक असल्याने ही तुलना आवश्यक होय. थाळी ३७ अंश सेंटिग्रेड उष्णतेत १८ ते २४ तास ठेवतात. खळग्याभोवती जंतू न वाढल्यास स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात.

तथापि थाळीवर जंतू वाढले नाहीत, म्हणजे रोग बरा झाला, असे नव्हे. उलट, थाळीवर न दिसणारा गुणही पानांत असू शकतो. अडुळशातील वासिसीन हे द्रव्य १८८८ साली वेगळे करण्यात आले. त्याच्या रचनेवरून पुढे ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झाले. ते मुख्यतः कफ पातळ करते. म्हणून थाळीनंतर विषारीपणाची, मात्रेची व अखेर रुग्णांवरील परीक्षा करावी लागते.

वासिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होते. यास्तव गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून अडुळसा घेऊ नये. तसेच दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यास काढ्यावर विसंबू नये. तो क्षयाचा असू शकतो. अशा रुग्णास थुंकीच्या तपासणीसाठी सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे ही तपासणी मोफत होते. अडुळशाचे झाड कुंपणावर उभेच राहील. रोग मात्र थांबत नाही.