उजवीकडे म्हणजे कोणीकडे? – सीएनसी यंत्राच्या अक्षदिशांचा अभ्यास

हरिहर येथे १९४१ साली म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला व तेथे लेथ तयार होऊ लागले. अशा लेथवर हत्यार पुढे न्यावयाचे की मागे, हे कारागिराचा हात ठरवीत असे. सीएनसी यंत्रात हेच काम आकडे करतात. आकड्यांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र १९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत दाखविण्यात आले. आज त्याच तत्त्वावरील छोटे यंत्र घरातील टेबलावर मावते आणि लाकडावर सुबक अक्षरे कोरते.

हे यंत्र जोडताना नवशिक्याला पुष्कळदा एक अडचण येते: उजवीकडची कळ दाबावी, तर हत्यार डावीकडे जाते! वर जावयाचे हत्यार जर खाली आले, तर जॉब बिघडतो, पाते मोडते आणि बोटांनाही इजा होऊ शकते. म्हणून हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम योग्य दिशा कोणती, हे ठरवावे. उजवा तळहात वर करून अंगठा उजवीकडे, तर्जनी आपल्यापासून दूर आणि मधले बोट वर धरा. अंगठा म्हणजे एक्स, तर्जनी वाय व मधले बोट झेड. बोटांची टोके धन दिशा दाखवितात.

येथे एक मेख आहे. दिशा मोजावयाची ती जॉबच्या संदर्भात हत्याराची. हुबळी स्थानकावर आपली गाडी उभी असता शेजारची गाडी धारवाडकडे निघाली, की क्षणभर आपणच गदगकडे सरकत आहोत असे वाटते. तसेच येथे. कित्येक लहान यंत्रांत वाय अक्षावर हत्यार हलत नाही, खालचा पाट हलतो. अशा वेळी धन आज्ञेने पाट आपल्याकडे आला, तर ते बरोबरच आहे. कारण जॉबच्या दृष्टीने हत्यार दूर गेले. हे ध्यानी न घेता पुष्कळजण चांगले यंत्र ‘दुरुस्त’ करू जातात!

आता परीक्षा. स्पिंडल बंद ठेवून हत्यार जॉबपासून बरेच उंच न्यावे. एका वेळी एकच अक्ष १० मिलिमीटर हलवून पाहावा. आरंभ झेडपासून करावा. मग हत्याराच्या जागी पेन बांधून कागदावर ‘ग’ काढावा. छापखान्यातील खिळ्यासारखे उलटे, आरशातले अक्षर उमटले, तर एक्स किंवा वाय यांपैकी एकच अक्ष उलटा आहे. कागद अर्धा फिरविताच अक्षर नीट वाचता आले, तर दोन्ही उलटे आहेत.

उपाय दोन आहेत. स्टेपर मोटरमध्ये बहुधा दोन वेटोळी व चार तारा असतात. वीज पूर्ण बंद करून एकाच वेटोळ्याच्या दोन तारांची अदलाबदल केली, की मोटर उलट फिरते. वीज चालू असता तार काढल्यास मोटर चालविणारे मंडल जळण्याचा संभव असतो. दुसरा उपाय आज्ञावलीतला. ‘जीआरबीएल’ या प्रचलित आज्ञावलीत $३ या क्रमांकात एक्ससाठी १, वायसाठी २ व झेडसाठी ४ धरून उलटावयाच्या अक्षांची बेरीज लिहावी. एक्स व झेड उलटावयाचे असल्यास ५.

मात्र कमानीला दोन्ही बाजूंस मोटरी असून त्या परस्परविरुद्ध ओढू लागल्या, आणि दोघींना आज्ञा एकच जात असेल, तर आज्ञावली उलटून उपयोग नाही; दोघीही उलटतील आणि भांडण तसेच राहील. तेथे एकीच्याच तारा बदलाव्या. मोटर न फिरता नुसती थरथरत असेल, तर तो दोष दिशेचा नव्हे. बहुधा वेटोळ्यांच्या जोड्या चुकलेल्या असतात. वीज बंद करून सुट्या केलेल्या मोटरच्या दोन तारा एकत्र जोडाव्या. आस हाताने फिरविताना जड लागला, तर ती जोडी एकाच वेटोळ्याची.

दिशा बदलल्यावर यंत्र मूळस्थानी कोणत्या टोकाकडे जाते, हेही पाहावे; ते टोक बदलले असल्यास $२३ हा क्रमांक सुधारावा. अन्यथा यंत्र मर्यादा-कळ नसलेल्या टोकावर जाऊन आदळेल. या पहिल्या फेरीत एक हात आणीबाणीच्या कळीवर असू द्यावा.

सारांश, पेचकस हाती घेण्यापूर्वी ‘कोण हलले, आणि कोणाच्या दृष्टीने?’ हा प्रश्न स्वतःस विचारावा. पुष्कळदा दोष यंत्रात नसून आपल्या पाहण्यात असतो.