सोंग आणि रंग

सोंग खुशाल घ्यावे. पण त्याचा रंग मुलाच्या अंगाला बाधू नये. जुन्या रंगभूषेत हिंगूळ आणि मुरदाडशिंग सर्रास वापरीत. हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचे संयुग, तर मुरदाडशिंग हे शिशाचे. मुले ओठ चाटतात. थोडेसे शिसेही पोटात गेले तर मेंदूच्या वाढीस अपाय होतो.

आपल्याच जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याकडील बोहाडा येथे वाट दाखवितो. तेथे देवदैत्यांचा रंग मुखवट्यावर असतो, कातडीवर नव्हे. शिवाय मुखवटा जपून पुन्हा वापरता येतो. घरीही रद्दीच्या लगद्यात मेथीचे पीठ मिसळून मुखवटा करता येईल; डोळ्यांची व नाकाची भोके मात्र मोठी ठेवावीत.

तोंड रंगवायचेच असेल तर तांदळाची पिठी, हळद, बिटाचा रस पुरे. तेही आधी मनगटावर लावून पाहावे.