नळ, नाली आणि कायद्यातील शब्द

गेल्या पावसाळ्यात मानोऱ्यातील आमच्या गल्लीची नाली तुंबली व सांडपाणी नळाच्या खड्ड्यात शिरू लागले. बाबांनी मला अर्ज लिहावयास सांगितले. घरातील जुन्या अर्जावरून मी ‘मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८’ हे शब्द उतरविले. एका कार्यालयातून तो अर्ज परत आला. “हा कायदा आता इथे लागू नाही,” एवढेच उत्तर मिळाले. तेव्हापासून मी या विषयाच्या अभ्यासास लागलो.

आपल्या वऱ्हाडात पूर्वी नगरपालिकांसाठी १९२२ चा व पंचायतींसाठी १९४६ चा, असे मध्यप्रांत-वऱ्हाडचे कायदे होते. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई इलाख्याचे, तर मराठवाड्यात हैदराबादचे कायदे चालत. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने व १९६५ च्या नगरपालिका कायद्याने ही विविधता संपविली. पुढे १९७६ च्या कायद्यान्वये पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ निघाले. १९९७ मध्ये त्याचेच नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले.

या बदलांचे मला तीन प्रकार दिसतात. पहिला, केवळ नावाचा. २०१२ मध्ये ग्रामपंचायत कायद्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले; कायदा तोच राहिला. दुसरा, जुना कायदा रद्द होऊन त्याच विषयावर नवा येणे. अशा वेळी इतर कायद्यांतील जुना उल्लेख नव्या तरतुदीचा समजावा, अशी सोय १९०४ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात आहे. तिसरा प्रकार मात्र खरा बदल होय. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपंचायत ही संस्था आणली. गावाची नगरपंचायत झाली की ग्रामपंचायतीचा कायदा तेथून उठतो व १९६५ चा कायदा लागू होतो. मानोऱ्यात हेच घडले आणि माझी चूक झाली ती येथेच!

१९६५ च्या कायद्याचे कलम ४९ नाल्या व पाणीपुरवठा यांना बंधनकारक कर्तव्यांत घालते. त्याचा आधार देऊन मी अर्ज पुन्हा लिहिला. तो स्वीकारला गेला. नाली पंधरा दिवसांनी उपसली गेली.

कायद्यातील शब्दांची दुरुस्ती कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु चुकीच्या शब्दाने अर्ज परत येतो आणि तोवर घाण पाणी नळाशी साचत राहते. सुधारलेला कायदा सोप्या मराठीत गावातील प्रत्येकाला वाचावयास मिळावा. ते होईपर्यंत आपण विद्यार्थ्यांनी शेजाऱ्यांचे अर्ज तरी नीट लिहून द्यावेत, असे मला मनापासून वाटते.