अंधांचा फुटबॉल

खेळ म्हटला कीं डोळे आलेच, अशी आपली समजूत असते. चेंडू कोठून येतो हें पाहावें, आपला गडी कोठें उभा आहे हें हेरावें आणि त्याच क्षणीं पाय उचलावा, हें सारें दृष्टीच्या साहाय्याखेरीज कसें साधावें? त्यांतही फुटबॉल म्हणजे धांवपळीचा, अंगाला अंग भिडविण्याचा खेळ! परंतु ज्यांना दिवस आणि रात्र सारखींच अशीं माणसें हा खेळ खेळतात. इतकेंच नव्हे, तर देशोदेशींचे अंध खेळाडू एकत्र जमून जागतिक अजिंक्यपदासाठीं झुंजतात. या खेळाची माहिती आमच्या विद्यार्थी-मित्रांस व त्यांच्या पालकांस मनोरंजक आणि बोधप्रद वाटेल, म्हणून ती येथें देत आहों.

अंधांच्या खेळांची व्यवस्था पाहणारा आंतरराष्ट्रीय संघ १९८१ सालीं पॅरिस येथें स्थापन झाला. या खेळाचे पहिले जागतिक सामने १९९८ सालीं ब्राझील देशांतील कँपिनास शहरीं झाले व ते ब्राझीलनेंच जिंकले. पुढें २००२ व २००६ या दोन्ही सालीं अजिंक्यपद अर्जेंटिनाकडे गेलें. शारीरिक व्यंग असलेल्या खेळाडूंसाठीं दर चार वर्षांनीं पॅरालिंपिक नांवाचा जागतिक क्रीडामहोत्सव भरत असतो. त्यांत या खेळाचा समावेश २००४ सालीं अथेन्स येथें प्रथम झाला. तेव्हांपासून ओळीनें पांच वेळां ब्राझीलनें सुवर्णपदक मिळविलें. त्यांतील पांचवें टोकियो येथील होय. तो महोत्सव २०२० सालचा. परंतु जगभर पसरलेल्या साथीमुळें तो २०२१ सालीं भरला.

आतां खेळाची रचना पाहूं. मैदान ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असतें. त्याच्या दोन्ही लांब बाजूंना सुमारें कमरेइतक्या उंच फळ्या उभ्या केलेल्या असतात. त्यांमुळें चेंडू वारंवार बाहेर जात नाहीं, आणि फळीला हात लागतांच आपण मैदानाच्या कडेला आलों हें खेळाडूस कळतें. प्रत्येक संघांत पांच गडी. त्यांपैकीं चौघे अंध असतात. पांचवा गोलरक्षक, तो मात्र डोळस किंवा अंधुक दृष्टीचा असतो. पण त्याला नेमून दिलेला चौकोन अगदीं लहान, केवळ २ मीटर खोलीचा असल्यामुळें, आपल्या दृष्टीचा लाभ घेऊन तो पुढें धांवूं शकत नाहीं. ज्यांस थोडेंफार दिसतें अशा खेळाडूंचे सामने निराळे होतात.

चेंडूच्या आंत खुळखुळ्यासारखी योजना केलेली असते. चेंडू घरंगळूं लागला कीं आवाज निघतो, आणि त्या आवाजावरून तो किती दूर आहे, कोणत्या दिशेनें व किती वेगानें येत आहे, हें खेळाडू ताडतो. परंतु स्थिर चेंडू मुका असतो. म्हणून निष्णात खेळाडू चेंडू लांब न टोलवितां, दोन्ही पायांमध्यें हलके हलके टोले देत, जणूं त्याला बोलता ठेवून पुढें नेतो.

अंध म्हणून नोंदलेल्या खेळाडूंतही कांहींना उजेडाचा किंचित् भास होत असतो, तर कांहींना तितकाही नाहीं. हा भेद राहूं नये म्हणून गोलरक्षकाखेरीज सर्व खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्ट्या लावतात. ज्याला थोडा उजेड दिसतो त्यानें तोही बाजूस ठेवावयाचा, आणि सर्वांनीं एकाच काळोखांत उतरावयाचें. या नियमांत दयेचा अंश नाहीं, निखळ न्याय आहे.

खेळाडूंस वाट दाखविण्याचें काम तीन आवाजांकडे सोपविलेलें असतें. मैदानाचे तीन भाग कल्पिलेले असतात. आपल्या गोलाजवळच्या भागांत गोलरक्षक सूचना देतो, मधल्या भागांत बाजूस उभा असलेला शिक्षक, आणि प्रतिपक्षाच्या गोलाजवळच्या भागांत त्या गोलामागें उभा राहिलेला मार्गदर्शक. प्रत्येकानें आपापल्या भागापुरतेंच बोलावें असा नियम आहे. कारण तिघे एकदम बोलूं लागले, तर खेळाडूच्या कानीं केवळ कोलाहल पडेल.

याहूनही महत्त्वाचा एक नियम आहे. ज्याच्यापाशीं चेंडू आहे त्याच्याकडे जातांना प्रतिपक्षाच्या गड्यानें ‘वॉय’ असें स्पष्ट ओरडलें पाहिजे. हा स्पॅनिश भाषेंतील शब्द असून त्याचा अर्थ ‘मी निघालों’ असा होतो. जो गुपचूप चाल करून जाईल त्याच्यावर पंच दोष ठेवतो. न दिसणारे दोघे वेगानें धांवत असतां एकमेकांवर आदळून इजा होऊं नये, हा त्यांतील हेतु. ज्याला हरवावयाचें त्यालाच आधीं सावध करावयाचें, अशी या खेळाची रीत आहे.

आतां प्रेक्षकांविषयीं. फुटबॉलच्या मैदानावर आरडाओरड नसेल तर खेळ पाहिल्यासारखें वाटत नाहीं. येथें मात्र खेळ चालूं असतां प्रेक्षकांनीं मौन पाळावयाचें असतें. टाळी नाहीं, शीळ नाहीं, ओळखीच्या खेळाडूला हांकही नाहीं. गोल झाला किंवा खेळ थांबला, कीं मग हवा तितका जयघोष करावा. प्रेक्षकांचें मौन येथें खेळाच्या साहित्याइतकेंच आवश्यक आहे. कारण त्यावांचून चेंडूचा आवाज कोणालाच ऐकूं येणार नाहीं.

या मौनाची कसोटी २०२४ सालीं पॅरिस येथें लागली. आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशीं उभारलेल्या क्रीडांगणावर हजारों प्रेक्षक जमले होते. उपांत्य फेरींत अर्जेंटिनानें ब्राझीलला पेनल्टीच्या टोल्यांवर मागें टाकलें, आणि वीस वर्षें अढळ राहिलेलें अजिंक्यपद डळमळलें. अंतिम सामना ७ सप्टेंबर रोजीं फ्रान्स व अर्जेंटिना यांच्यामध्यें झाला. दोघांचाही एकेक गोल होऊन बरोबरी झाली, तेव्हां निकाल पुन्हां पेनल्टीच्या टोल्यांवर आला. अशा वेळीं मार्गदर्शक गोलाच्या दोन्ही खांबांवर ठोकून आवाज करतो. त्या दोन आवाजांवरून खेळाडू गोलाची रुंदी मनांत आंखतो, आणि ६ मीटरांवरून टोला मारतो. आपल्याच देशाचा संघ विजयाच्या उंबरठ्यावर उभा, आणि तरीही हजारों फ्रेंच माणसें श्वास रोखून गप्प बसलेलीं! शेवटीं ३ विरुद्ध २ अशा फरकानें फ्रान्स विजयी झाला, आणि मग तो कोंडलेला जयघोष एकदम उसळला. लुई ब्रेल यानें अंध असतां ज्या शहरांत विद्या संपादन केली आणि १८२९ सालीं बोटांनीं वाचण्याची आपली लिपि जेथें प्रसिद्ध केली, तेंच हें पॅरिस होय.

स्त्रियाही या खेळांत मागें नाहींत. त्यांचे पहिले जागतिक सामने २०२३ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें झाले व अर्जेंटिनानें ते जिंकले. आपल्या भारताच्या मुलीही तेथें खेळल्या, आणि २०२५ सालीं तर हे सामने केरळांतील कोची शहरीं भरले.

या सर्व माहितींतून आपण काय घ्यावें? यरीहो गांवाबाहेर वाटेच्या कडेला बसलेल्या बार्तीमय नांवाच्या अंध भिकाऱ्याची कथा आपण शुभवर्तमानांत वाचली आहे. तो प्रभूला हांका मारूं लागला, तेव्हां लोकांनीं त्यालाच गप्प राहण्यास दटाविलें. प्रभूनें मात्र थांबून त्याला जवळ बोलाविलें, आणि तुझ्यासाठीं काय करूं असें त्यालाच विचारलें. आपणही पुष्कळदां त्या लोकांसारखे वागतों. अंध मूल दिसलें कीं ‘बिचारा’ म्हणतों, त्याला एका कोपऱ्यांत बसवितों, आणि त्याला काय हवें हें त्याला सोडून इतरांस विचारतों. या खेळानें डोळसांकडून फारसें मागितलेलें नाहीं: चेंडूंत खुळखुळा, कडेला फळ्या, वेळेवर खरा शब्द आणि वेळेवर मौन. एवढें मिळतांच बाकीचें सारें अंध खेळाडूनें स्वतःच्या पायांनीं करून दाखविलें.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, वर्गांत किंवा शेजारीं कोणी अंध सोबती असेल, तर त्याच्याजवळ जातांना आपलें नांव सांगा. त्याच्या वाटेंत दप्तर किंवा बाक आडवा टाकूं नका. त्याचा हात धरून ओढूं नका. आपलें कोपर पुढें करा, धरावयाचें तर तो धरील. आणि खेळावयास निघालां, तर त्यालाही हांक मारा. पालकांस इतकीच विनंती कीं, घरांत असें मूल असेल तर मायेपोटीं त्याला घरांत कोंडून ठेवूं नये. त्याला शाळेंत धाडावें आणि मैदानावरही धाडावें. पडेल, खरचटेल, पण डोळस मुलें तरी न पडतां कोठें खेळावयास शिकलीं आहेत?