आजचं चिंतन : आजीला "बस" म्हणण्याआधी (ज्ञानेश्वरी, अध्याय 13)



आज तेराव्या अध्यायातल्या ज्ञानाच्या एकाच लक्षणावर थांबूया. जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतला दोष पाहणं. माऊली इथे जरेवर किती रेंगाळतात! ज्ञानी माणूस ऐन तारुण्यातच स्वतःचं म्हातारपण डोळ्यांपुढे आणतो. आजचं भरलेलं अंग उद्या वाळलेल्या काचरीसारखं होणार, हे पाहून ठेवतो. खरं सांगू? हा भाग मी नेहमी भरभर वाचायचे. यंदा आजीमुळे थांबले.

आमचं गाव चारठाणा, जिंतूर तालुक्यातलं, जुन्या मंदिरांचं. दिवाळीला सगळे पुण्याहून गेलो आणि आजीला ताप आला. तीन दिवसांत उतरला. पण आम्ही तिला पंधरा दिवस बाजेवरून उतरू दिलं नाही. "आजी, तू उठूच नको, आम्ही आहोत ना!" पाणी हातात, ताट हातात. निवडायचं सूपसुद्धा काढून घेतलं. सेवा घडतेय म्हणून काय समाधान होतं! नंतर तिला न्हाणीपर्यंत जायलाही आधार लागायला लागला. आम्ही म्हटलं, वय झालं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र विचारलं, "यांच्याकडून कोणकोणती कामं काढून घेतलीत?"

मग वाचायला बसले. अमेरिकेत सरासरी 67 वयाच्या निरोगी लोकांना फक्त 10 दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं होतं. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले : पायांचं मांस सरासरी जवळजवळ एक किलोनं घटलं. दहा दिवसांत! आमचे तर पंधरा झाले होते, वर तापही.

दुसरा प्रयोग बॉस्टनच्या एका शुश्रूषागृहातला, 1990 चा. नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी अडीच पटींहून जास्त झाली, दोघांची काठी सुटली. म्हणजे म्हाताऱ्या स्नायूलाही काम दिलं की तो ऐकतो.

आपल्याकडेही मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये देशभरातल्या 45 वर्षांपुढच्या लोकांची, त्यांच्या जोडीदारांसह 72,000 हून जास्त जणांची पाहणी केली. त्यात बीपीसोबत हाताची पकड आणि चालण्याचा वेगही मोजला. आम्ही आजीची शुगर दर महिन्याला विचारतो. ती खुर्चीतून एकटी उठते का, हे कधी विचारलंच नव्हतं.

आता पुन्हा अध्याय उघडा. माऊली नुसती भीती घालत नाहीत. म्हातारपण दिसलं की इंद्रियं शाबूत आहेत तोवर ती चांगल्या कामी लावावीत, हा तिथला रोख आहे. आम्ही उलट केलं. आजीचे शाबूत हातपायच रिकामे बसवले, आणि त्याला सेवा म्हटलं.

आता डॉक्टरांना विचारून रोज खुर्चीतून उठ-बस चालू आहे, काकू शेजारी उभी असते. ताटात वरण आणि दही जास्त. सूप परत दिलंय. गोकुळेश्वराच्या मंदिरापर्यंत अजून जमत नाही, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाते.

परवा व्हिडिओ कॉल केला, तर म्हणाली, "ठेव बाई फोन, डाळ निवडायले मी."