ड्रोन उडवला म्हणून मार?

प्रश्न : मेहरूण तलावाकाठी मुलगा हौसेने ड्रोन उडवत होता. एका हवालदाराने दंडुका मारून ड्रोन नेला. हे योग्य का? – एक पालक, जळगाव

उत्तर : 2021 च्या नियमांनुसार 2 किलोपर्यंतच्या हौशी ड्रोनला पायलट परवाना लागत नाही. पण चालू विमानतळापासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उड्डाण नाही, आणि कुसुंब्याचा विमानतळ मेहरूणजवळच आहे. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-पोर्टलवरचा नकाशा आधी बघायला हवा होता.

दंडुक्याला मात्र यात जागाच नाही. ड्रोन जप्त करा, पंचनामा करा, एवढंच. अटक झाली तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 46 पळून जाण्यापासून रोखण्यापुरताच जोर लावू देतं. मुलाने प्रतिकार केला नसेल, तर तो मार बेकायदाच. आजच सिव्हिलमध्ये वळांची नोंद करून घ्या, पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.