टाकायचा की टिकवायचा?

इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराकडून घरच्यांची एक साधी अपेक्षा असते. घरातलं काही बिघडलं तर याला कळलं पाहिजे! रेफ्रिजरेशन सायकलच्या प्रश्नाला दहापैकी नऊ मार्क मिळवलेल्या माझी ही परीक्षा ऐन आषाढात झाली, आणि पहिल्या प्रयत्नात मी चक्क नापास झालो. त्या फजितीतून जो हिशोब शिकलो, तो इथे मांडतो आहे.

माझं गाव नातेपुते. माउलींची पालखी धर्मपुरीवरून सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम आमच्या गावी करते. आमच्याकडे दरवर्षी एक दिंडी उतरते. पालखी चार दिवसांवर आली असताना होस्टेलवर आईचा फोन आला. "आरं, फ्रिज थंडच करंना झालाय. आजीचं इंजेक्शन हाय की आत. काय करावं?"

फ्रिज 2007 सालचा, 165 लिटरचा, एका दाराचा. मी विचारलं, "आवाज येतोय का?" आई म्हणाली, "मधनंच टक् करतंय, आन् गप बसतंय." मी ऐटीत सांगून टाकलं, "कंप्रेसर गेला. जुनाच आहे, नवीन घ्या." आप्पांनी दुकानात चौकशीही केली. नवा पंधरा हजार, जुन्याचे हजार वजा. आजीचं इन्सुलिन मेडिकलवाल्यांच्या फ्रिजमध्ये ठेवायला दिलं. ते 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, त्यामुळे घाई होतीच.

शनिवारी एस.टी.ने घरी पोचलो, तर फ्रिजचे मेस्त्रीकाका आलेले. त्यांनी प्लग काढला, मागचं झाकण उघडलं, कंप्रेसरच्या बाजूची छोटी डबी काढून कानाजवळ हलवली. आतून खुळखुळ आवाज आला. "रिले फुटलाय. कंप्रेसरला काय धाड भरलीय?" मला पटेना. मग मी मल्टीमीटर लावला. कंप्रेसरला तीन टर्मिनल असतात : कॉमन, स्टार्ट आणि रन. कॉमन-रनमध्ये 13 ओहम, कॉमन-स्टार्टमध्ये 19 आणि स्टार्ट-रनमध्ये 32. दोन्हींची बेरीज तिसऱ्याएवढी, म्हणजे वाइंडिंग शाबूत. बॉडीशी कंटिन्युइटी नाही, म्हणजे शॉर्टही नाही. फुटक्या रिलेमुळे स्टार्ट वाइंडिंगला करंटच मिळत नव्हता. मोटर जागची हलत नव्हती, तापत होती, आणि ओव्हरलोड प्रोटेक्टर सप्लाय तोडत होता. तोच तो 'टक्'! मी फोनवरून मारलेल्या थापेमुळे चौदा हजार जाणार होते, बिघाड होता साडेतीनशेचा.

यातून पहिला धडा असा की 'जुना झालाय' हे निदान नव्हे. आधी कोणता भाग गेला ते शोधा, मग पुढचं.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दारात दहाची नोट धरून दार लावलं आणि नोट ओढली, ती अलगद निघून आली. गॅस्केट कडक झाल्याने दार नीट बसत नव्हतं. पालखी पुढे गेल्यावर मी सरांच्या परवानगीने लॅबमधला सिंगल फेज एनर्जी मीटर घरी नेला आणि फ्रिजला जोडला. रोजचे 1.5 युनिट जात होते. नऊशे रुपयांचं नवं गॅस्केट बसवल्यावर 1.1 झाले.

आता हिशोब. महावितरणच्या बिलात स्लॅब असतात. जेवढी वीज वाचते तेवढी सर्वांत वरच्या, म्हणजे महाग स्लॅबमधली वाचते. म्हणून सरासरी दर न धरता वरच्या स्लॅबचा दर धरावा. सोपं जावं म्हणून मी युनिटला 10 रुपये धरतो. गॅस्केटमुळे वर्षाला 146 युनिट, म्हणजे 1,460 रुपये वाचले. नऊशे रुपये सात-आठ महिन्यांत वसूल!

नवा फ्रिज रोज साधारण अर्धा युनिट खाईल असं धरू. म्हणजे वर्षाला 219 युनिट, सुमारे 2,190 रुपये वाचतील. चौदा हजार वसूल व्हायला सहा वर्षांहून जास्त लागतील. म्हणून या वेळी दुरुस्तीच योग्य.

पण समजा खरंच कंप्रेसर गेला असता, तर? नवा कंप्रेसर, गॅस आणि मजुरी मिळून काकांनी साडेपाच हजार सांगितले. मग दुरुस्ती आणि नवा फ्रिज यांतला फरक उरतो साडेआठ हजारांचा, आणि तो चार वर्षांच्या आत विजेतून निघतो. शिवाय आपण शिकलेला बाथटब कर्व्ह आठवा. सुरुवातीला बिघाड जास्त, मधे सपाट, आणि शेवटी झीज वाढली की पुन्हा चढण. या वयात कंप्रेसर नवा बसवला तरी थर्मोस्टॅट, पाइप, पत्रा तेवढेच जुने राहतात. तेव्हा नवाच घ्यावा. फ्रिज तोच, वय तेच, पण गेलेल्या भागाप्रमाणे उत्तर उलटं होतं.

दुसरा धडा म्हणजे वयापेक्षा वापराचे तास बघा. घरातला मिक्सर 500 वॅटचा, पण दिवसाला पंधरा मिनिटं चालतो. विजेसाठी तो बदलणं वेडेपणा. कार्बन ब्रश आणि कपलर बदला, चालू द्या. याउलट पंखा बघा. साधा सीलिंग फॅन साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी फॅन 30 वॅटच्या आसपास. रोज 15 तास, वर्षात 270 दिवस धरले तर 182 युनिट, म्हणजे 1,820 रुपये वाचतात. तीन हजारांचा पंखा दोन वर्षांत फिटतो. पण होस्टेलच्या खोलीत पंखा नुसता हळू फिरत असेल तर आधी कपॅसिटर तपासायला सांगा. तो बदलला की बहुतेक वेळा काम होतं. जळलेली मोटर रिवाइंड करण्याआधी मात्र हा हिशोब जरूर मांडा.

तिसरा धडा, काही ठिकाणी हिशोब करायचाच नाही. गिझरची टाकी गळली, बॉडीला करंट येतोय आणि कारण सापडत नाही, अशी वस्तू सरळ बंद करा. गॅसच्या कामातही हुशारी नको. 2007 च्या आमच्या फ्रिजमध्ये आर-134ए आहे. तो पेटत नाही, पण हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त उष्णता अडवतो. नव्या फ्रिजमधला आर-600ए त्या मानाने निरुपद्रवी, पण ज्वलनशील. जाणकाराशिवाय हात लावू नये.

नवं घेताना लेबलवरचे स्टार मोजून थांबू नका. बीईईने 2006 साली स्टार लेबल सुरू केलं, तेव्हापासून निकष वेळोवेळी कडक होत आले आहेत. म्हणून लेबलवरचं वर्ष आणि वर्षाचे युनिट वाचा. सुटे भाग आणि सर्व्हिसच्या माहितीसाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं आहे, तेही बघा. आणि जुनी वस्तू भंगारात फेकू नका, ई-कचरा अधिकृत केंद्राकडेच द्या.

आमचा फ्रिज पालखीच्या आदल्या रात्री सुरू झाला. आजीचं इन्सुलिन परत घरी आलं. वारकऱ्यांच्या चहाचं दूधही टिकलं. आप्पांनी वाचलेले पैसे पोस्टात टाकलेत. कंप्रेसर जाईल तेव्हा नवा घ्यायचा, हे आम्ही आत्ताच ठरवून ठेवलं आहे. घाईत घेतलेला निर्णय किती महागात पडला असता, ते फोनवर मीच शिकवलं होतं ना!